मीच की

रात्री सव्वानऊ. वाळूजच्या सर्व्हर रूममध्ये
एसीचं पाणी बादलीत टपकतंय.
फोनवर सेलूहून लोचना धबडगे, हिशेब विभाग,
बाळंतपणाच्या रजेतून अर्धी परतलेली:
"सर, हिरवं होईनाच की ओ."

एकच पोर्ट उघडा ठेवलाय, बाकी सगळ्यांना कडी.
किल्ली दोन तुकड्यांत दिली तिला,
अर्धी कुरिअरने, अर्धी आत्ता, तोंडी.
म्हणालो, शहराखालून जुनी नहर जाते ना,
मातीच्या नळांतून, वर बाजार भरलेला,
कुणाला पाण्याचा आवाज नाही. तसं हे.
"मग गाळ कोण काढतं?"
मी. रविवारी. लॉग वाचत.

तेवढ्यात तिकडं दार वाजलं.
घरातून सासू: "कोण हाय?"
"मीच की."
कडी निघाली.

इथं ते चालत नाही.
इथं सहा आकडे लागतात, तीस सेकंदांत.
बाळ रडलं, आकडे उलटले.
पुन्हा.
मग पडद्यावर एक ओळ उमटली:
धबडगे, सेलू, नऊ अठ्ठेचाळीस.
"झालं ओ," ती कुजबुजली. बाळ झोपलं असावं.

बादली ओतून आलो.
उगाच वाटलं, आज घरी गेल्यावर
खिशातली चावी काढूच नये,
दार वाजवावं.