अकरा ठिपके

नागपूरचा मे. पारा शेहेचाळीसवर,
आणि मी काचेवरच्या पातळ थरांचा रोध मोजत होते.
दोनशे सहा नोंदी. त्यातल्या अकरा
रेष सोडून भलतीकडेच,
लग्नात रुसून बसलेल्या सोयऱ्यांसारख्या.

चिंचखेडे सर म्हणाले, “काढून टाक ना त्या.
रेष कशी सरळ येईल. कोण पाहून राहिलं?”

बोट ‘डिलीट’वर होतं.
वहीत मात्र त्या होत्याच, शाईतल्या.
मी फाइल होती तशी सगळ्यांसाठी खुली ठेवली:
वेळ, खोलीचं तापमान, वीज गेली तो तास,
आणि समासात खोब्रागडे काकांनी
पेन्सिलीनं लिहिलेलं, तेही:
‘२ वा. कूलरात पाणी टाकले.’

पेपर परत आला. दोनदा.

दिवाळीनंतर जोरहाटच्या रुनुमी हजारिकांचं पत्र:
“अकराही ठिपके दोननंतरचे.
ते पाणी कशाचं?”

वाळ्याचा वास एकदम नाकात आला.
आम्ही गार हवेत निवांत बसलो होतो तेव्हा
काचेवरचा थर तिथला ओलावा पीत होता.

चूक माझीच.
आता तीही फाइलीत आहे, तारखेसकट,
आणि शेजारी एक नवा रकाना: आर्द्रता.

काकांना दाखवलं.
कूलर कोपऱ्यात कोरडा, पोत्यात गुंडाळलेला.
चष्मा वर सारून ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.
“माह्या हातचं? अन् ते तिथं वाचलं?”
मग हळूच,
“मंग आता मिनिटंबी लिहत जाऊ का?”