जागा एक, पूर्णतः तात्पुरती

चोडणच्या धक्क्यावरून सातची फेरीबोट.
मांडीवर फाइल. दहावीपासूनचे दाखले, तीन-तीन प्रती,
साडेपाच वर्षांचा प्रबंध,
आणि जन्मतारखेचा पुरावा,
जो दरवर्षी थोडा जड होतो.

जाहिरात अशी: प्रकल्प सहायक, जागा एक, सहा महिने,
वय पस्तिसाच्या आत. प्रवासखर्च मिळणार नाही.
फेरीला चालत्या माणसाचे पैसे पडत नाहीत,
तेवढा माझा फायदा.

दोनापावलच्या लांब व्हरांड्यात
एकवीस खुर्च्या, चौतीस उमेदवार.
गदगचा वीरेश हडपद रात्रीच्या बसने आलेला,
पणजीच्या स्टँडवर तोंड धुतलेलं,
इस्त्रीचा शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला.
‘तुमचा विषय?’
‘चिखल,’ मी म्हटलं.
तो हसला नाही.
‘माझा गंज,’ म्हणाला. ‘जहाजांचा.’

खाजनातला चिखल.
आमच्या शेताच्या बांधाला मानस आहे, लाकडी दारांची.
भरती आली की पाणीच दारं लावून घेतं,
ओहोटीला पाणीच उघडतं.
तिथून मी दीड मीटर खोल गाळ काढला,
सेंटिमीटर-सेंटिमीटर कापला,
टाचणीच्या टोकाहून बारीक कवचं
सूक्ष्मदर्शकाखाली मोजली:
चाळीस हजार तीनशे बारा.
कुठल्या पिढीत बांध फुटला,
खारं पाणी कुठवर आलं, सांगू शकते.
येत्या एप्रिलात मी कुठे असेन, ते नाही.

आत चौघं होते, पैकी एक फोनवर.
मधल्या बाईंनी पान उलटलं,
परत मागे आणलं.
‘ही दोन वर्षं रिकामी दिसतात.’

दोन वर्षांत बाबांचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा बांबोळी.
म्हापशात नववीच्या पोरांना गुरुत्वाकर्षण.
त्रेसष्ट प्राध्यापकांना पत्रं, उत्तरं नऊ,
त्यातला एक नकार इतका सभ्य
की अजून पुसलेला नाही.
गाळ साचतो तेव्हा वरून पाणी रिकामंच दिसतं,
हे मला सांगता आलं असतं.
‘कौटुंबिक कारणं,’ मी म्हटलं.
त्यांनी ते लिहून घेतलं.

आईचा फोन: ‘जालें गे पर्मनंट?’
तिला सहायक कळतं, तात्पुरतं कळत नाही.
‘कळवतील,’ म्हटलं. ‘भात झाकून ठेव.’

वीरेशची बस रात्री आठची.
मधले तीन तास कुठे घालवायचे,
म्हणून तो माझ्याबरोबर रायबंदरहून फेरीत चढला,
नुसताच, पलीकडे जाऊन परत यायला.
नदीच्या मध्यावर त्याने
कठड्याचा एक पोपडा नखाने उचलला,
बोटांत चुरला, वास घेतला,
आणि तो किती पावसाळ्यांचा, ते सांगितलं.
वर रंगाचे किती हात बसलेत, तेही.
आतलं लोखंड अजून चांगलं आहे, म्हणाला.

बरोबर असेल त्याचं.
तिथे कुणी त्याला पुढचा प्रश्न विचारला नाही.
मी विचारला.