ळ

कोलशेत रोडला बत्तीस मजली टॉवर आहे,
त्याच्या गेटवर मी बसतो. उत्तम.
छातीवरच्या पट्टीत एवढंच आहे.
एजन्सीवाल्याने विचारलं होतं, आडनाव टाकू का?
म्हटलं राहू दे, पट्टी छोटी आहे.

या जागेवर आधी रंगाची कंपनी होती.
एकोणीस वर्षं इथंच कार्ड पंच केलं.
सुटताना मुकादम झडती घ्यायचा,
सगळ्यांची नाही.
त्याचा हात हवेत जरा थांबायचा
आणि ठरल्या डब्यांवर उतरायचा.
माझा रोज उघडायचा.
उरलेली अर्धी भाकरी, वर त्याची बोटं.

आता वही माझ्याकडे असते.
नाव, कुठून, कोणाकडे, वेळ, सही.
नोटिशीत लिहिलंय, सर्वांची नोंद करावी.
सर्वांची.
पण काच खाली न करता गाडी आली
की हात आपोआप दांडा वर करतो,
पायी आलेल्या बाईच्या
पिशवीकडे आपोआप जातो.
कुणी शिकवलं नाही त्याला.
की शिकवलं होतं, एकोणीस वर्षं?

मार्चमध्ये बी विंगच्या म्हाताऱ्याला
पेन्शनचे कागद दाखवून जो लुबाडून गेला
त्याचे बूट चकचकीत होते. मी सलाम ठोकला होता.
वहीत तो नाहीच.
पोलिसांनी वहीतूनच माणसं बोलावली,
इस्त्रीवाला, जारवाला, कचरा नेणारी जरीना.
नावं होती म्हणून बोलावली.
नावं मी लिहिली होती.

नवव्या मजल्यावरच्या बाई विचारतात,
उत्तम, तुम्ही मूळचे कुठले?
मी गाव सांगतो.
नाही, म्हणजे... पूर्ण नाव?
मी तालुका सांगतो. नदी सांगतो.
यंदा धरण किती टक्के भरलं तेही सांगतो.

शनिवारी साडेनऊला
पाठीवर चौकोनी पेटी घेऊन एक जण आला.
‘काका,’ म्हणाला. सगळेच म्हणतात.
मी वही सरकवली. ‘मागची लिफ्ट.’
तो जरा थांबला.
वाटलं, आता वाद घालणार.
नाही घातला. लिहिलं, वर गेला,
खाली आला, गेला.
हेल्मेटची काच वर होती, एवढं आठवतं.
काचेखाली कोण होतं, ते नाही.

रात्री दीडला नोंदी मोजत होतो.
घाईतली पोरं गिरगटतात,
आर. एस., नुसती रेघ,
एकाने तर फूल काढलेलं.
मध्येच शाळेतल्यासारखं, पूर्ण:
सुमेध बाबुराव निकाळजे.
कुठून: कळवा.
कोणाकडे: काहीतरी लिहून खोडलंय, मग १९०४.
खोडलेल्यात ‘का’ दिसतो.
किंवा मलाच दिसतो.

बाबुराव माझा थोरला भाऊ.
पोराला पाटीवर अक्षरं मी गिरवायला लावली,
कळव्याच्या खोलीत, पत्रा तापलेला.
ळ काही केल्या जमेना त्याला.
म्हटलं, अरे चष्मा काढ आधी,
दोन गोल काचा.
अजून तसाच काढतो.
जे आडनाव मी छातीवर येऊ दिलं नाही
त्याच्या पोटातून
दोन गोल काचा माझ्याकडे बघत होत्या.

सकाळी फोन केला.
काल जेवलास का?
हो काका.
ते गेटवर...
मोठी बिल्डिंग आहे काका, म्हणाला,
ऑर्डरी बऱ्या मिळतात.

आठला पांढरी गाडी आली. काच बंद.
हात उठला, मी तो धरला.
बोटाने काचेवर टकटक केलं,
साहेब, नाव सांगता?
हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.
दांडा मीच वर केला असणार, कारण गाडी आत होती.

मागून जरीना येत होती,
बोलायच्या आधीच
पिशवीचं तोंड उघडून धरलेली.
म्हटलं, राहू दे, जा.
म्हणालो खरा.
तोवर डोळे पिशवीत जाऊन आले होते.