एक जादा पत्ता

साखर पेठेत माझा पत्ते ठोकायचा धंदा.
जॅकार्डचे पत्ते. डाव मांडायचे नव्हेत.
भोक असेल तिथे धागा उचलतो, नसेल तिथे पडून राहतो.
हजारेक पत्त्यांची माळ फिरते
तेव्हा सोलापुरी चादरीवर एक मोर उभा राहतो.

भाची श्रीलता लॅबमधून सुट्टीवर आली.
विचारलं, तू तिथं नेमकं करतेस काय?
म्हणाली, मामा, तुमचंच काम. फक्त पत्ते दिसत नाहीत.

मातीत एक जंतू असतो, त्याचं विष बोंडअळीला बाधतं.
त्या विषाचा पत्ता, तेवढाच, कापून घ्यायचा,
दुसऱ्या एका जंतूच्या पाठुंगळी द्यायचा
(झाडात शिरायची त्याला जुनीच खोड),
तो जाऊन कपाशीच्या माळेत ओवून येतो.

कितव्या नंबरला?

ती हसली. ते आपल्या हातात नसतं.

माझी हातोडी हवेतच राहिली.
नंबर माहीत नाही?
म्हणून तर ढीगभर रोपं बाटल्यांत वाढवतो, मामा,
तपासतो, आणि एखादंच ठेवतो.

मला सत्त्याऐंशी सालचा मोर आठवला.
चिलवेरी शेठना तुऱ्यात एक पीस जादा हवं होतं.
पत्ता घातला. पीस झकास आलं.
काठावरची वेल मात्र एका धाग्यानं सरकली,
आणि दोनशे चादरी गेल्यावर
घडी घालणारी नरसम्मा म्हणाली,
कोपरे जुळेनात.
मी पत्ता काढला, सुतळी पुन्हा बांधली, संपलं.

तुझा पत्ता काढता येतो का गं,
वाऱ्यानं पराग नेल्यावर?

ती गप्प बसली. मग म्हणाली,
सुरुवातीला फवारे कमी झाले,
पंप पाठीवर घेणाऱ्यांचे डोळे चुरचुरायचे थांबले.
पुढे गुलाबी अळीनं तो पत्ता पाठ केला.
कडेला साधी कपाशी पेरा म्हणून वेगळी पुडी मिळायची,
अळ्यांना आयतं ताट,
सगळ्याच शिकून शहाण्या होऊ नयेत म्हणून.
बऱ्याच पुड्या कुणी फोडल्याच नाहीत.

मी म्हणालो, मग नकोच ही ठोकाठोक.

तिनं फ्रिजकडे पाहिलं.
आणि तुमचं इन्सुलिन?
माणसाचा पत्ता तो,
जंतूच्या मागावर विणलेला.
पूर्वी डुकराच्या, गुरांच्या पोटातून काढायचे.

सात वाजलेच होते.
सदरा वर केला, बेंबीपासून चार बोटं सोडली,
सुई टोचली.
एक भोक.
आत कोणता धागा उचलला, कोणता पडून राहिला,
मला काय दिसणार.

श्रीलता फरशीवरच्या टिकल्या वेचत होती,
भोकांतून गळालेल्या, कागदी.
लहानपणी मुठीनं उधळायची.
यांचं काय करता मामा?
झाडून टाकतो, म्हणालो,
आणि उद्याची माळ मोजायला घेतली.
दोनदा मोजली.