तेवीस नंबर

सत्यभामाबाईंनी ऑटोतून उतरवून घेतला तो सिंथ,
सतरंजीत गुंडाळलेला, सुतळीनं आवळलेला.
"विकायलेय," त्या म्हणाल्या. "पुण्याचं एक पोरगं घेतो म्हणतंय.
पण आधी सेल बदला म्हणलं.
सेल गेला की सगळंच जातं म्हणे."

परभणी, स्टेशन रोड, मे महिना, दुपारचा दीड.
पंखा तीच गरम हवा
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवत होता.
अठरा स्क्रू काढून मी चहाच्या बशीत ठेवले.
आत निघाली कुठल्या तरी मंडपाची वाळलेली माती,
चार अक्षता, पिवळ्या पडलेल्या,
आणि बोर्डाच्या कडेला तो बटण-सेल,
रुपयाएवढा, दोन्ही पायांत झाळलेला.
मीटर लावलं. दोन पूर्णांक चार.
दोनच्या खाली असता
तर मला बोलायला काही उरलं नसतं.

बाईंना सांगितलं,
यात आवाज साठवलेला नसतो.
टेप नाही ही, की माणूस बोलला आणि राहिला.
यात एवढंच असतं, की कुठलं बटण
कुठवर फिरवून त्यांनी बोट उचललं.
बाकी आवाज यंत्र दर वेळी नव्यानं करतं.
"म्हंजे भाकरीसारखं," त्या म्हणाल्या.
मी म्हणालो, हो, तसंच.

जुना सेल सोडवण्याआधी दुसरीकडून वीज द्यावी लागते,
नाही तर त्या मधल्या क्षणात बत्तीसच्या बत्तीस कोरे.
एक पेन्सिल सेल टॉर्चमधला,
एक भिंतीवरच्या घड्याळातला.
घड्याळ एक चाळीसला थांबलं.
अफसरनं दोन्ही सेल चिमटीत धरले, श्वाससुद्धा.
कावीळ लागलेल्या त्या बोर्डावर मी लाल-काळ्या वायरी लावल्या.
झाळायचं लोखंड तापलं, तसा त्याचा प्लग उपटला,
त्यातून गळणारी वीज असल्या चिपला सोसत नाही.
आता टोकात धग आहे तेवढाच वेळ.
बनी तो बनी, मी मनात म्हणालो.
पुढचं म्हणालो नाही. परभणीतच तर होतो.

राळेचा धूर. जुना सेल बशीत पडला, स्क्रूंमध्ये.
नवा बसला. वायरी काढल्या.
काहीच झालं नाही.
या कामात तेच यश.

तेवढ्यात लाईट गेली.
पाऊण तास रस पीत बसलो.
मुंजाजी खिल्लारे, दिवसा जिनिंगमध्ये फिटर,
रात्री ऑर्केस्ट्रात: सेलू, जिंतूर, पाथरी, गंगाखेड.
"घरी आले की कानात कापूस घालून झोपायचे," बाई म्हणाल्या,
"तोही जिनिंगचाच."

लाईट आल्यावर एकेक लावून बघितला.
बासरी व्हायला निघालेलं काहीतरी.
व्हायोलिनचा घोळका.
एक सनई, जी शेवटी जराशी शिंकते.
मग तेवीस. पट्टी दाबली
आणि खालून, पोटातून, चढत चढत
भोंगा.
जिनिंगचा, सकाळी आठचा,
जो अफसरनं जन्मात ऐकलेला नाही.
समोरच्या रसवंतीतला म्हातारा रस्त्यावर आला,
हात पुसत फाटकाकडं बघू लागला.
तिथं आता मोबाइलचं शोरूम आहे.

बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.
"कार्यक्रम संपवायला ठेवला होता हा.
रात्रीचे अडीच वाजले तरी लोक उठायचे नाहीत,
मग हे भोंगा द्यायचे. मंडप रिकामा!
परत वाजवू नका हो,
तुमचं गिऱ्हाईक उठून जाईल."

पुण्याच्या पोराला हे सांगायचं का,
यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग त्याच म्हणाल्या,
"सापडला तर सापडला. नाही तर पुसल तो.
सतरंजी तेवढी मी परत नेणार."

त्या गेल्यावर मी घड्याळात सेल घातला.
एक चाळीसपासून ते पुढं निघालं.
लावायचं राहून गेलंय अजून.
अफसर त्याच्यावरच जेवायला जातो.