किलोमीटर ३२९

गावाला नाव नव्हतंच.
इंग्रज कंपनीने रूळ टाकले तेव्हा इथे गवत होतं, मेंढ्या होत्या,
आणि इंजिनाला इथे तहान लागेल, असा हिशेब.
म्हणून पाण्याची टाकी उभी राहिली.
टाकीला राखणदार, राखणदाराला बायको,
बायकोला भांडायला शेजारीण.
मोन्तेविदेओपासून मोजलेला आकडा पाटीवर होता,
तोच पुढे बाप्तिस्म्याच्या दाखल्यांत उतरला,
पत्रांवर, थडग्यांवर.

फलाटाच्या छपराला ओतीव लोखंडाचे खांब,
ग्लासगोहून चौदा निघाले, तेरा पोचले.
चौदाव्या जागी निलगिरीचा बुंधा, तसाच राखाडी रंगवलेला.
पाहुण्यांना आम्ही विचारतो, सांगा, खोटा कुठला?
सांगता येत नाही त्यांना.
आम्हाला लहानपणापासून ठाऊक:
जानेवारीच्या उन्हात पाठ टेकली
तर तो एकटाच पोळत नाही.

लोकरीच्या गाठी तोलायचा काटा अजून आहे.
त्यावर गावातली सगळी बाळं तोलली गेली.
दोरिला आत्याने लग्नाआधी स्वतःला तोललं,
आणि घटस्फोटानंतर.
फरक चार किलो.
"तेवढाच होता तो," म्हणाली.

माझे वडील आदेमार इथले शेवटचे स्टेशनमास्तर.
घंटेचा एक टोला: मागच्या स्टेशनातून सुटली.
दोन: वळणावर धूर दिसला
(डिझेल आल्यावरही ते धूरच म्हणत).
तीन टोले झाले की निरोपांची घाई.
सकाळी सातला पर्जन्यमापकाची नळी डोळ्यांसमोर धरून
ते तारेने पाऊस कळवत:
अकरा मिलिमीटर. दोन. बऱ्याचदा, निरंक.

अठ्ठ्याऐंशीच्या नववर्षाला प्रवासी गाड्या बंद झाल्या.
शेवटची चाळीस मिनिटं उशिरा आली.
नोंदवहीत उशिराच्या कारणाचा रकाना
त्यांनी तेवढा कोरा सोडला.
दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा फलाटावर.
तार तोडलेली. मग पाऊस बेकरीवाल्या नोर्बेर्तोला सांगितला.
एकोणीस वर्षं सांगत राहिले,
पावाबरोबर घरोघर पोचायचा आकडा.

मग राजधानीतलं जुनं भव्य स्टेशन बंद पडलं,
नवं बांधलं त्याच्या अलीकडे, पाचशे मीटरवर.
वडील रात्रभर कूस बदलत राहिले.
म्हणजे आपण आता तीनशे साडेअठ्ठावीस?
रेल्वेला पत्र लिहिलं, रीतसर, जावक क्रमांक घालून:
गावाचं नाव बदलावं का, कळवावे.
उत्तर नाही. स्मरणपत्र. त्याचंही नाही.

तिकीटघरात आता मंगळवारी दातांचा डॉक्टर बसतो.
खिडकीतून नंबर देतात, तीच खिडकी,
तोच झिजलेला लाकडी उंबरा, जिथे नाणी सरकत.
रात्री लाकडाच्या मालगाड्या जातात, दोन,
न थांबता; काट्याचं पातं
हलतं क्षणभर, रिकामंच.

वडील गेले तेव्हा दगड कोरणाऱ्याने विचारलं,
एकोणतीस घालू, की साडेअठ्ठावीस?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
दोरिला आत्या म्हणाली, जुनंच घाल.
अर्धा किलोमीटर जाईल तो चालत.

आज सातला मी नळी उजेडात धरली.
तळाशी एक मुंगी, कोरडी.
निरंक, बेकरीत सांगितलं.
नोर्बेर्तोच्या नातवाने पीठ लागल्या बोटाने
भिंतीवर लिहून ठेवलं.