पुढच्याला गाठायचं असेल तर

हिद्दला आम्ही हद्द म्हणतो.
हद्दीच्या टोकाला बंदर, बंदरात माझी चार नंबरची क्रेन,
वर काचेची केबिन, पायाखालीसुद्धा काच.
दिवसभर तिथून खाली बघणारा माणूस
रात्री खोलीवर येऊन आणखी वर जायला निघतो,
याचं बेन्नीला हसू येतं.

लॅपटॉप रोनेलचा.
इलोइलोला कायमचा परतताना पस्तीस दिनारला देऊन गेला,
‘एन’चं बटण निखळलेलं.
आत एक यान होतं.
हा गेम नाही, म्हणाला, गेममध्ये कधीतरी जिंकतो आपण.

पहिल्या आठवड्यात मी नऊ वेळा समुद्रात पडलो.
त्यातल्या एका वेळी तर निघायच्या आधीच;
काय दाबलं देव जाणे.
पुस्तिका दोनशे पानांची, चित्रं कमी.
मग डायरीत माझ्या भाषेत उतरवत गेलो:
नाक जिकडे, तिकडेच जातोस असं नाही.
वर राहायचं तर वर नाही, आडवं पळायचं,
इतकं आडवं, की पडता पडता जमीनच चुकावी.
ब्रेक नाही.
(याच्याखाली तीन रेघा.)

दहाव्या वेळी पडलो आणि पडतच राहिलो.
नव्वद मिनिटं. खालून आफ्रिका गेली, मग काळोख,
मग पुन्हा तीच आफ्रिका.
बेन्नी, ऊठ, मी अजून पडतोय!
पड, म्हणाला तो, पण लाइट बंद करून पड.

यादीच्या तळाशी रोनेलची एक फाइल सापडली.
स्थानकाला बांधलेलं एक रिकामं यान,
आणि दुसरं पुढे, एकशे चाळीस किलोमीटरवर,
टाकीत अकरा टक्के, दिवे चालू.
जेवायला उठावं तसा उठून गेला होता.

मी रिकामं यान सोडवलं आणि त्याच्या मागे लागलो.
जोर लावला. अंतर वाढलं.
आणखी जोर. आणखी वाढलं.
रात्री दोन वाजता पुस्तिकेत ती ओळ दिसली:
पुढच्याला गाठायचं असेल तर वेग कमी करा.
खाली उतराल. खालची वाट आखूड असते.

आणि मला हसुरामकाका आठवले, न्हावा-शेव्याचे,
ज्यांनी मला पहिल्यांदा जॉयस्टिक धरू दिली.
कंटेनर झुलायला लागला की नवा पोरगा ट्रॉली उलटी ओढतो,
झोका आणखी चढतो.
अरे झोका जातो तिकडंच जा, ते ओरडायचे,
त्याला वाटू दे तू त्याचाच आहेस.

म्हणजे अर्धं तर मला येतच होतं.
कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

एक बटण आहे, दाबलं की वेळ शंभरपट पळतो.
बेन्नीला ते फार आवडलं.
कराराचे उरलेले चौदा महिने लाव, म्हणाला.
मी म्हटलं, इंजिन जळत असताना वेळ पळवायचा नसतो,
यान कुठल्या कुठे जातं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.

तीन रात्री लागल्या.
चाळीस किलोमीटर, चार, मग मीटरमध्ये.
सेकंदाला पावणेआठ किलोमीटर पळतोय दोघं,
आणि एकमेकांकडे मुंगीच्या चालीनं.
डावा हात आपोआप हलका झाला,
लॉरीवर डबा टेकवताना होतो तसा.
रोनेलच्या यानावरचा नंबर वाचता आला.
त्याच्या खिडकीत कुणी नव्हतं. असणार कोण?

अडीच मीटर.
खाली बसवाल्यानं हॉर्न दिला, मग पुन्हा.
फाइलला नाव द्यायला हवं होतं.
रोनेल लिहिलं. ‘एन’ नाही, म्हणून रोएल झालं.

बंदरावर आज वाऱ्याला धूळ आहे.
पहिलाच डबा उचलला, आणि झुलला.
गेलो त्याच्या मागे.